पोर्टा केबिन घेताय? टोकन देण्याआधी कोटेशन हातात घ्या



मागच्या व्हिडिओत आपण एक हिशोब मांडला होता. हिंजवडीत गाळा भाड्याने घ्यायचा, की मोकळी जागा भाड्याने घेऊन तिच्यावर स्वतःची पोर्टा केबिन ठेवायची? त्यात मी केबिनची बाजू जरा जास्तच गोड करून सांगितली, हे आधी कबूल करतो. व्हिडिओ पाहून आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला आणि त्या फोनमुळे हा लेख लिहायला घेतला.

ताई फेज 2 मधल्या कंपन्यांमध्ये डबे पोचवतात. घरातलं किचन आता पुरत नाही. माण रस्त्याला ओळखीतल्या एकांची मोकळी जागा मिळतेय, तिथे 20 बाय 8 ची केबिन ठेवायची, आत किचन, पुढे काउंटर, असा प्लॅन. सोनं ठेवून पैसे उभे केलेत. फोनवर म्हणाल्या, "सर, बुकिंग करून टाकलं. एकवीस हजार टोकन दिलं. सोमवारपासून स्टीलचा रेट वाढणार होता ना."

मी विचारलं, "कोटेशन आलं?"

"नाही, ते पाठवतो म्हणालेत. माणूस चांगला वाटला सर, खूप नीट बोलला."

आता गंमत बघा. सेल्सचं ट्रेनिंग देणारा मीच. "आज बुक केलं तर जुना रेट" हे वाक्य कुठे आणि कसं टाकायचं, हे माझ्याच बॅचमध्ये पोरं शिकून जातात. त्यामुळे समोरचा माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तो त्याचं काम करतोय. फक्त त्याचं काम नेमकं कुठे संपतं, हे तुम्हाला माहीत पाहिजे.

बहुतेक ठिकाणी सेल्सच्या माणसाचा इन्सेंटिव्ह बुकिंगवर असतो. केबिन बनवणारा फॅब्रिकेशनचा शेड वेगळीकडे, तिथला सुपरवायझर वेगळा. तुम्ही शोरूममध्ये बसून "वरून उष्णता येणार नाही ना?" असं विचारता, सेल्समन "अजिबात नाही मॅडम" म्हणतो, आणि ते वाक्य त्या टेबलावरच राहतं. शेडमध्ये जातो तो वर्क ऑर्डरचा कागद. कागदावर "इन्सुलेशन स्टँडर्ड" एवढंच असेल तर सुपरवायझर जे उपलब्ध आहे ते भरतो. यात कोणी खोटं बोललेलं नसतं, तरी मे महिन्यात तुम्ही आत भाजून निघता.

फ्लॅटचं उदाहरण घ्या, म्हणजे फरक कळेल. हिंजवडी-मारुंजी पट्ट्यात प्रत्येक होर्डिंगवर महारेराचा नंबर दिसतो. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. रेरा कायदा 2016 चा. त्यात कलम 13 सांगतं की नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जाहिरातीत खोटं दाखवलं तर त्यासाठी वेगळं कलम आहे. म्हणजे फ्लॅटच्या सेल्समनच्या पाठीमागे एक कायदा उभा असतो.

अमेरिकेत कारखान्यात बनवलेली घरं विकतात, त्यांनाही असाच आधार आहे. 1976 पासून तिथे अशा घरांसाठी केंद्र सरकारचा कोड लागू आहे आणि घराच्या प्रत्येक भागावर लाल रंगाची धातूची पट्टी ठोकलेली असते.

आपल्या पोर्टा केबिनला यातलं काहीच नाही. ती रेरात बसत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तुम्ही एक वस्तू विकत घेताय. महारेराचा नंबर नाही, लाल पट्टीही नाही. तुमची लाल पट्टी म्हणजे तुमचं कोटेशन. त्यात जे लिहिलंय तेवढंच तुम्ही विकत घेतलंय.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं

सगळ्यात आधी माप. "20 बाय 8, म्हणजे 160 स्क्वेअर फूट" हे बाहेरचं माप असतं. भिंतीची जाडी दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच इंच धरली तर आत 19 फूट 7 इंच बाय 7 फूट 7 इंच उरतं, म्हणजे साधारण 148 स्क्वेअर फूट. पैसे 160 चे, जागा 148 ची. यात फसवणूक नाही, हा धंदा असाच चालतो. पण तुमचा ओटा, फ्रीज आणि उभं राहायची जागा आतल्या मापावर बसवायची आहे. म्हणून कोटेशनमध्ये आतली लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही लिहून घ्या. उंचीला तर बरेच जण विसरतात. नंतर फॉल्स सीलिंग, त्याखाली पंखा, आणि हात वर केला की पात्याला लागतो.

मग पत्रा. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त खेळ इथेच होतो.

सेल्समन म्हणतो "हेवी गेज". हेवी म्हणजे किती? गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे उलटं गणित पहिल्यांदा घेणाऱ्याला माहीत नसतं. 18 गेज म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर, 20 गेज म्हणजे साधारण 0.9. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात, रंग मारल्यावर तर अजिबात कळत नाही. फरक वजनात असतो. 1.2 मिलिमीटरच्या एक चौरस मीटर पत्र्याचं वजन सव्वानऊ किलोच्या पुढे जातं, 0.9 चं सात किलोच्या आसपास. 20 बाय 8 च्या केबिनच्या चार भिंती आणि छत धरलं तर जवळपास 59 चौरस मीटर होतात. दारं-खिडक्या वजा करा, पत्र्याच्या नाळ्यांचा जास्तीचा भाग मिळवा, तरी सव्वाशे-दीडशे किलो लोखंडाचा फरक सहज पडतो. एवढं लोखंड वाचलं की "स्पेशल डिस्काउंट" देणं सोपं जातं.

त्यामुळे कोटेशनमध्ये गेज नको, मिलिमीटर लिहून घ्या. भिंतीचा वेगळा, छताचा वेगळा. खालच्या फ्रेमला कोणतं चॅनल, किती मापाचं, तेही. आणि शेडवर जाताना एक व्हर्नियर कॅलिपर खिशात ठेवा. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दाराच्या कापलेल्या कडेला लावला की आकडा समोर. कॅलिपर बाहेर काढला की समोरच्या माणसाची बोलण्याची पद्धत बदलते, हा माझा अनुभव आहे.

तिसरं, भिंतीच्या आत काय आहे. पफ, ग्लासवूल की थर्माकोल? हे तीनही "इन्सुलेटेड" या एकाच शब्दात विकले जातात. तिघांच्या किमतीत, उष्णता अडवण्यात आणि आग लागली तर वागण्यात फरक आहे. थर्माकोल ज्वालेजवळ वितळतो आणि पेटतो. ऑफिससाठी केबिन असेल तर एक वेळ चालवून घ्याल. ताईंसारखं आत गॅस पेटवून किचन चालवायचं असेल तर थर्माकोलला सरळ नाही म्हणा, आणि शेगडीमागच्या भिंतीला आतून काय लावणार ते वेगळं विचारा. पफ असेल तर जाडी आणि घनता दोन्ही लिहून घ्या. जाडी मिलिमीटरमध्ये, घनता घनमीटरला किती किलो अशी.

बाकी फरशी, दारं, खिडक्या, रंगाचे किती हात, हे सगळं लिहिलेलं असावं, त्यावर फार वेळ घालवत नाही. एकच गोष्ट सोडू नका, ती म्हणजे वीज. लोखंडी डबा आहे. अर्थिंग कोण करणार आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणार का, हे कोटेशनमध्ये आलंच पाहिजे. पावसात ओल्या पायांनी आत येणारा माणूस तुमचा गिऱ्हाईक किंवा कामगार असतो.

"सगळं धरून" म्हणजे काय काय?

एक हिशोब करू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून धरू नका. समजा स्क्वेअर फुटाला 1,300 रुपये सांगितले. 160 गुणिले 1,300 म्हणजे 2,08,000. डोक्यात हाच आकडा बसतो. यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 37,440. झाले 2,45,440. मग ट्रेलरचं भाडं. मग उतरवायला हायड्रा किंवा क्रेन. मग खाली पाया, निदान सिमेंटचे ठोकळे, आणि हिंजवडीत पाऊस झाला की रस्त्याचं पाणी कुठे जातं हे तुम्ही पाहिलंय, त्यामुळे पाया उंचच लागणार. मग पाण्याची लाइन, सांडपाणी, विजेची जोडणी. दोन लाखांची केबिन चालू होईपर्यंत तीन लाखांच्या पुढे कशी गेली, हे लोकांना शेवटी कळतं.

म्हणून "रेट काय?" हा प्रश्न विचारूच नका. विचारा, "माझ्या जागेवर, पायावर ठेवून, टॅक्ससकट किती?" आणि उत्तर एका ओळीत लिहून मागा. तुम्ही कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा तो पूर्ण खर्चच धरा.

इथेच एक आवाज खाली करून बोललेलं वाक्य येतं: "बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील." नको. बिल नसेल तर बँकेचं कर्ज नाही, वॉरंटी नाही, आणि उद्या भांडायची वेळ आली तर तुम्ही घेतलं काय हेच सिद्ध होत नाही. मुद्रा कर्जासाठी गेलात तरी बँक पहिलं जीएसटी नंबर असलेलं कोटेशनच मागते.

सगळ्यात महाग पडणारं वाक्य

पत्रा पातळ निघाला तर काही हजारांचं नुकसान. पण एक वाक्य असं आहे की त्यावर विश्वास ठेवला तर पूर्ण केबिनच जाते. ते म्हणजे, "मॅडम, ही हलवता येते, त्यामुळे परवानगी लागत नाही."

लागते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम 1966 चा. त्यात विनापरवाना तात्पुरत्या बांधकामासाठी कलम 55 वेगळंच ठेवलंय. म्हणजे "तात्पुरतं आहे" हे तुमचं बचावाचं कारण नाही, उलट ते हटवण्याची प्रक्रिया जास्त झटपट आहे. आयटी पार्कच्या हद्दीत एमआयडीसी, बाहेर हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या भागात पीएमआरडीए. "ग्रामपंचायतीचा दाखला पुरे" असंही सांगतात. तो लागू शकतो, पण तेवढ्यावर बांधकामाची परवानगी होत नाही. 2025 मध्ये या भागात रस्त्यालगतच्या शेड आणि टपऱ्यांवर पीएमआरडीएने केलेली कारवाई अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

सेल्समनला हे माहीत नसतं असं नाही. पण जागा तुमची जबाबदारी, त्याची नाही. कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात तसं छापलेलंही असतं, वाचून बघा. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी जागेचा करार आणि परवानगीची चौकशी, मग केबिन. जागामालकाशी करार करताना त्यात दोन ओळी घालायला सांगा. एक, केबिन तुमच्या मालकीची आहे. दोन, जागा सोडताना ती उचलायला क्रेन आत येऊ दिली जाईल. हलवता येणं हाच केबिनचा मोठा फायदा, आणि शेजारी भिंत उठली की तोच संपतो.

जुनं शिपिंग कंटेनर घेणाऱ्यांसाठी एक जाता जाता. न्हावा शेवा बंदर जवळ असल्याने आपल्याकडे तेही बरेच येतात. दारावर सीएससीची धातूची पाटी असते, तिच्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष दिसतं. पाटी काढून टाकली असेल तर "साताठ वर्षांचाच आहे" याला काही अर्थ नाही. आणि आतली मूळची लाकडी जमीन कीटकनाशक मारलेली असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे खाद्यपदार्थांच्या धंद्यासाठी ती जमीन ठेवू नका.

टेबलावर बसल्यावर

आता बोलण्याचं. मी सेल्सच्या मुलांना काय शिकवतो तेच तुम्हाला उलट बाजूने सांगतो.

"आजच" हा शब्द आला की तुम्ही म्हणायचं, "ठीक आहे दादा, हा रेट सात दिवस राहील एवढं कोटेशनवर लिहून द्या." खरंच स्टील वाढणार असेल तर तो तारीख घालून देईल. नसेल तर विषय बदलेल. दोन्हीत तुम्हाला उत्तर मिळतं.

"साहेबांना विचारून सांगतो" म्हणून तो आत जाऊन येतो आणि पाच हजार कमी करतो. छान. पण पाच हजार कुठून कमी झाले ते विचारा. स्पेसिफिकेशन तेच आहे ना? नवा कागद छापून घ्या आणि जुन्याशी ओळ-ओळ ताडून बघा. मला स्वतःला माझ्या ट्रेनिंग हॉलशेजारची केबिन अशीच "साहेबांनी" स्वस्त करून दिली होती. छत पहिल्याच जूनमध्ये गळलं. कागद काढून बघितला तर दुसऱ्या कोटेशनमधून सीलंटची ओळच गायब होती. सही माझीच.

आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: "तुम्ही दिलेल्या तीन केबिन सांगा, मी जाऊन बघतो." त्यातली एक तरी दोन पावसाळे झालेली हवी. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जा, आत उभे राहा, छताला आतून हात लावा. तिथे बसणाऱ्या माणसाला विचारा. अर्ध्या तासात जे कळतं ते कोणत्याही माहितीपत्रकात नसतं. पत्ते द्यायला टाळाटाळ झाली तर टोकन खिशातच ठेवा.

भेट संपली की घरी जाऊन एक व्हॉट्सअ‍ॅप टाका. भाषा साधी ठेवा: "दादा, आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे: भिंतीचा पत्रा 1.2 मिलिमीटर, पफ 50 मिलिमीटर, ट्रेलर आणि क्रेन तुमच्याकडे, डिलिव्हरी 25 दिवसांत, टोकन परत मिळण्याची अट अमुक. काही चुकलं असेल तर कळवा, नाहीतर हेच कोटेशनमध्ये घालून पाठवा." यात भांडण नाही, अविश्वासही नाही. पण तोंडी बोललेलं आता लेखी झालं.

ताईंनी मी सांगितल्यावर टोकन दिल्यानंतर हा मेसेज टाकला. क्रम चुकला होता, पण न टाकण्यापेक्षा बरं. तिसऱ्या दिवशी कोटेशन आलं. त्यात पफच्या जागी थर्माकोल होता आणि ट्रेलर "अ‍ॅट अ‍ॅक्च्युअल". विचारल्यावर म्हणाले, पफ हवा असेल तर रेट वेगळा. ताईंनी बुकिंग रद्द केलं. बऱ्याच फोनाफोनीनंतर एकवीसपैकी दहा हजार परत आले. अकरा हजार गेले. त्या मला म्हणाल्या, "सर, एवढे डबे फुकट दिल्यासारखं वाटलं." मला उत्तर सुचलं नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी

पैसे टप्प्याने द्या, आणि शेवटचा टप्पा केबिन पायावर बसून तपासल्यानंतरचा ठेवा. तो किती असावा? मी 20 टक्क्यांच्या खाली जाऊ नका म्हणतो. हप्ता हातात असेपर्यंत फोन उचलले जातात.

ट्रेलर आला की ड्रायव्हर घाई करतो, क्रेनचं मीटर चालू असतं, आणि कोणीतरी चलन पुढे करतं, "इथे सही." न बघता सही करू नका. माल विक्री कायदा 1930 चा आहे. त्यात माल तपासायची वाजवी संधी मिळणं हा खरेदीदाराचा हक्क आहे. पण तोच कायदा असंही म्हणतो की माल ठेवून घेतला आणि वाजवी मुदतीत नाकारल्याचं कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून चलनावर स्वतःच्या हाताने लिहा: "केबिन मिळाली, तपासणी बाकी." जे दिसतंय ते लिहा, फोटो काढा.

आणि तरीही अडलं तर? ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला साधारणपणे संरक्षण नाही. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून, स्वतः वापरायला घेतली असेल तर तुम्ही ग्राहकच आहात. ताई त्यात बसतात. आठ केबिन घेऊन भाड्याने देणारा बसणार नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

ताईंनी पुढच्या महिन्यात दुसरीकडे केबिन घेतली, या वेळी परवानगीची चौकशी आणि जागेचा करार आधी करून. केबिन पायावर बसली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. ताईंच्या मुलाने टँकरचा पाइप घेऊन छतावर वीस मिनिटं पाणी मारलं, आम्ही आत टॉर्च लावून उभे. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक थेंब आला, मग दुसरा. ताईंनी चलन मागून घेतलं आणि त्यावर लिहिलं, "उजवी खिडकी, वरचा कोपरा, गळती." दोन दिवसांनी त्यांचा माणूस सीलंटची नळी घेऊन आला, परत पाणी मारून दाखवलं, आणि त्याच संध्याकाळी शेवटचा हप्ता गेला.